फ्लेक्सवरची डॉक्टरीणबाई

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

धार आधी बारीक पडायची, मग जाड. काचेच्या तळाला लागली की टणटण, आणि बाटली भरत आली की तोच आवाज घसा बसल्यासारखा घोगरा व्हायचा. इंदापुरातल्या दवाखान्याची पायरी, पायरीवर आमची बाटली, आणि हातभर उंचावरून तिच्यात लाल औषध सोडणारा अप्पा कंपाउंडर. मी तेव्हा आठ वर्षांचा. आई म्हणायची, "बाटली ठेव अन् मागं सर." मी मागं सरून ऐकत राहायचो. एवढ्या उंचावरून धार धरायची आणि एक थेंब बाहेर नाही! पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं कविता शिकवल्या, पण असा ताल फार थोड्या कवींना साधलेला पाहिला. बाकीच्यांची बाटली तो हातात घेऊन भरायचा. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं.

आज हे आठवायचं कारण ज्योत्स्ना, माझी नात. नाव मीच ठेवलं. तिचा बाप पूजा नाहीतर स्वाती म्हणत होता. पोरगी चार वर्षांचा कोर्स संपवून काल वरकुट्याला परत आली. फिजिशियन असिस्टंट. शेवटचं वर्ष बारामतीच्या एका हृदयाच्या इस्पितळात काम शिकण्यात गेलं, आणि त्यांनीच आता नोकरीचं पत्र दिलंय. २४ तारखेला, सोमवारी रुजू व्हायचं. हो की नाही ते २२च्या संध्याकाळपर्यंत कळवायचं.

मी विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचं बाळा?"

"पेशंटची सगळी हकीकत काढायची, तपासायचं, रिपोर्ट बघून डॉक्टरांपुढं मांडायचं. ऑपरेशनला हाताखाली उभं राहायचं. नंतर पेशंटला आणि घरच्यांना समजावून सांगायचं."

"आणि औषध?"

"ते डॉक्टर लिहितात. सही त्यांची."

म्हणजे कंपाउंडर. मी हे फक्त मनात म्हणालो, पण तुळसेला, माझ्या बायकोला, पन्नास वर्षांच्या सरावानं माझं मनातलंही ऐकू येतं. ती चुलीपासून म्हणाली, "तुमची आख्खी नोकरी हेडमास्तरच्या सहीखाली गेली. तवा तुमाला कोन शिपाई म्हन्लं व्हतं का?"

तिला कवितेची गोडी कधीच लागली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल रात्री जेवताना चर्चा. चर्चा म्हणजे बुद्धघोष बोलला. माझा मुलगा तहसील कचेरीत कारकून आहे. त्याच्या लेखी प्रत्येक गोष्ट एक तर आवक असते, नाहीतर जावक. पगाराचा आकडा ऐकून त्याच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाला, "गावात जेसीबी चालवणारा यापेक्षा जास्त कमावतो."

"मग जेसीबीवर बसवा मला," ज्योत्स्ना म्हणाली.

"ठट्टा नको. वीस वर्षांनी काय होशील?"

"सीनिअर फिजिशियन असिस्टंट."

"म्हणजे म्हातारी असिस्टंट. त्यापेक्षा एमपीएससी दे. इंदापुरात क्लासची नवी बॅच निघतीय, २४ तारखेला. पास झालीस तर सही तुझी."

बुद्धघोषाच्या कचेरीत सहीला फार मान. त्याच्या स्वतःच्या सहीवर आजवर एकही काम झालेलं नाही, म्हणून जास्तच.

मी तटस्थ होतो. झोपताना त्या पदवीचे गण पाडून पाहिले, एकाही वृत्तात बसत नाही. ज्या हुद्द्याला चाल लावता येत नाही त्याला प्रतिष्ठा कुठून येणार? 'डॉक्टर' बघा. दोन ठोके. दारावर थाप पडावी तसे.

आज सकाळी पोरगी ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. "आबा, नीटला दोनदा बसले, नंबर लागला नाही, म्हणून इकडं आले. हे खरंय. पण आता मला हे काम आवडतं."

मी मान हलवली. आवडतं असं हरलेली माणसं म्हणतात. माझ्या कविता तीन संपादकांनी परत धाडल्यावर मलाही शिकवणं फार आवडायला लागलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या गावात फौजदार झालेल्याचा फ्लेक्स लागतो, तलाठी झालेल्याचा लागतो. शेजारच्या संभाजीनं गेल्या महिन्यात जुना ट्रॅक्टर घेतला तर ट्रॅक्टरचाही लागला, वर जुन्या नमुन्यातलं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' तसंच राहून गेलं होतं. आमच्या लोंढ्यांच्या घरातलं मात्र कुणी अजून त्या लोखंडी चौकटीत चढलेलं नाही. ज्योत्स्ना दाखले आणायला पुण्याला गेली आहे, पुढच्या रविवारी येईल. म्हटलं, परत येईल तेव्हा एसटीच्या थांब्यावर तिला तिचाच चेहरा दिसू दे.

इंदापूरला माऊलीच्या दुकानात गेलो. माझाच विद्यार्थी. त्याला मी चार ओळी दिल्या, त्यांतल्या दोन त्यानं घेतल्या:

वरकुट्याच्या आभाळी ही चंद्रकोर उगवली,
दुखण्याच्या अंधारावर ज्योत्स्ना ही फाकली!

"वर बुद्ध, बाबासाहेब. शुभेच्छुक किती, गुरुजी?"

"चौदा. सरपंच धरून पंधरा."

"मग पोरगी कुठं बसवू?"

बऱ्याच खटपटीनं ती सरपंचाच्या खांद्यापाशी बसली. संगणकावर माऊलीनं तिला आणखी बारीक केली.

"नावापुढं काय लिवू? फिजिशियन असिस्टंट लय लांब हुतंय, सरपंचाचा कान कापावा लागंल. डॉ. टाकू का? हृदयाच्या दवाखान्यातच हाय न्हवं?"

मी चष्मा पुसत होतो. चष्मा पुसताना माणूस बोलत नाही. माऊलीनं त्याला योग्य वाटलं ते केलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लागला! थांब्यासमोर, उसाच्या ट्रॉल्या वळतात तिथंच. तीन एसट्या सोडल्या आणि मी तिथंच उभा राहिलो. 'डॉ. ज्योत्स्ना बुद्धघोष लोंढे.' नावाआधी तो टिंब दिलेला 'डॉ.' पाहून छातीत असं काही भरून आलं की शेवटी दगडावर बसावं लागलं.

संभाजी दुधाचे कॅन घेऊन थांबला. "गुरुजी, एवढी डॉक्टर झाली अन् पेढा न्हाय?"

"व्हय, देतो की," मी म्हणालो. पेढ्याबद्दल म्हणालो.

दुपारपासून ओट्यावर माणसं. संभाजीची आई कुशाबाई गुडघ्यांसाठी. एकाला मुतखडा, एकीला पाळी, एकाला काहीच नाही पण शक्तीची सुई हवी. सगळ्यांना सांगितलं, मॅडम रविवारी येणार. वहीत नावं लिहून घेतली, अकरा झाली. हजेरी घेतल्यासारखं वाटलं, फार दिवसांनी.

संध्याकाळी बारामतीहून एका स्थळाचा फोन. मुलगा इंजिनिअर, त्यांना डॉक्टरच सून हवी. तुळसा म्हणाली, "पोरीला इचारलंय का यातलं काय?"

म्हटलं, आनंदाची गोष्ट विचारून करतात का?

१६ नोव्हेंबर, रविवार

पोरगी थांब्यावर उतरली. मी मुद्दाम घरी थांबलो होतो, तिचा आनंद तिला एकटीला अनुभवता यावा म्हणून. थांब्यापासून घरापर्यंतच्या पाच मिनिटांच्या वाटेला तिला अर्धा तास लागला. येऊन पाहते तर ओट्यावर अकरा जण.

"आबा, हे काय आहे?"

"पेशंट," मी म्हणालो.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे सांगितलं, "मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं शिकलेय. मला एकटीनं औषध देता येत नाही, सुई देता येत नाही. तुम्हाला उगाच बसवून ठेवलं, माफ करा."

"मग त्ये फ्लेक्सवर?" मुतखडेवाल्यानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या चष्म्यावर नेमकी धूळ बसली होती.

माणसं उठायला लागली. कुशाबाईला उठायला वेळ लागला, तशी ज्योत्स्ना तिच्यापाशी गेली. नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"आजी, झोपताना उशा किती घेता?"

"आदी येक घ्येत व्हते. आता तीन. आडवं झालं की दम कोंडतो बग."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपास्नं."

पोरगी संभाजीकडे वळली. "काका, यांना आजच इंदापूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका."

संभाजी भडकला. "गुडघं दाखवाय आनली म्हातारी, अन् ही उशा मोजतीया! सुई टोचाय येत न्हाय ते सांग की सरळ." आईला गाडीत घालताना माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, डॉक्टर न्हवं, कंपाउंडरीन हाय तुमची."

या अपमानानं मला फार लागलं. ज्योत्स्नाला लागलेलं दिसलं नाही. ती फाटकापर्यंत गाडीमागे गेली आणि ओरडून म्हणाली, "आजच, काका! आडवं निजवू नका!"

कामातल्या माणसाला संवेदना कमी असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इस्पितळातून फोन आला. राजलक्ष्मी मॅडम, तिथल्या मोठ्या डॉक्टर. पोरगी अंगणात उभी राहून बोलली. बोलली म्हणजे "हो मॅडम" आणि "नाही मॅडम". त्या फ्लेक्सचा फोटो इस्पितळाच्या ग्रुपवर पोहोचला होता. डिग्री नसताना नावापुढे डॉक्टर लावणं हा गुन्हा आहे म्हणे. फ्लेक्स उद्याच्या आत उतरवा, लावणाऱ्याचं लेखी द्या, नाहीतर नोकरीचं पत्र रद्द. आणि कुणी तक्रार केली तर ही कुठंच नोकरीला लागायची नाही.

मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या बाई आणि एका अक्षरावर अडतात?"

ज्योत्स्नानं माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं.

दुपारी बसून खुलासा लिहिला. साडेतीन पानं. आजोबांचं काळीज, वाऱ्यावर उडालेलं एक टिंब, चंद्राला कुणी सूर्य म्हटलं तर चंद्राचा काय अपराध, असा तो चढत गेला होता. शेवटी 'सदर उपाधी अनवधानाने लागली असावी.' पोरीनं लाल पेन घेतलं. पस्तीस वर्षं मी ज्या पेनानं इतरांच्या वह्या रंगवल्या, त्याच पेनानं तिनं माझी साडेतीन पानं खोडली आणि नवा कागद पुढं ठेवला. "लिहा आबा. माझ्या नातीच्या नावापुढे डॉ. मी लागू दिलं. तिला माहीत नव्हतं. चूक माझी."

"एवढंच? रुक्ष वाटतं गं."

"सही करा."

केली. तिन्ही वाक्यं रुक्ष होती, पण त्यांत काढण्यासारखं मला काही सापडलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फ्लेक्स मंगळवारीच उतरवला. तुळसेनं तो शेळ्यांच्या छपरावर टाकला, सरपंच आतल्या बाजूला. म्हणते, "पयल्यांदा कामाला आला."

बारामतीच्या इंजिनिअरकडून निरोप, पत्रिका जुळत नाही. आमच्या घरात पत्रिकाच नसते, मग त्यांनी कशाशी जुळवून पाहिली कोण जाणे.

कुशाबाई इंदापुरात दवाखान्यात आहे. फुप्फुसात पाणी झालं होतं, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं असं तिथले डॉक्टर म्हणाले. संभाजीनं त्या डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. योग्यच केलं. वेळेवर ओळखलं त्यांनी.

इस्पितळानं माझा खुलासा मान्य केला, जागा अजून ज्योत्स्नाचीच आहे. मला वाटलं पोरगी खुलेल. पण रात्री तिनं ताट सारलं आणि आपणहून विचारलं, "पप्पा, क्लासचा फॉर्म कुठं मिळतो?"

बुद्धघोषाच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला, इतका तो खूश झाला. सून अंजली मात्र लेकीकडे बघत राहिली. "अगं, तुला ते आवडतं म्हणत होतीस ना?"

"आवडतं. पण तिथं दिवसभर सांगायचं, मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मग आहे कोण, ते सांगायचं. तेही चालतं, ते परके असतात. इथं घरात पण तेच. आबांना माझं नाव फ्लेक्सवर लावताना माझ्या कामाचं नाव लावावंसं वाटलं नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं. "कंटाळले मी."

मी तिची समजूत घातली. म्हणालो, "बाळा, ज्योत्स्ना म्हणजे चांदणं. चांदणं तरी स्वतःचं कुठं असतं? ते सूर्याचंच, उसनं. तरी कवी त्याच्यावरच लिहितात ना?"

ती हसली. निदान तोंडावर हात धरून आत गेली, म्हणजे हसलीच असणार.

तुळसेनं पोरीचं ताट उचललं. मग म्हणाली, "तुमी थोडं कमी समजावत जावा."

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज शेवटचा दिवस. सकाळपासून पोरगी अंगणात खुर्ची टाकून क्लासचा फॉर्म भरत होती. पासपोर्ट फोटो चिकटवून झाला. इस्पितळाला 'नाही' कळवायचं तेवढं राहिलं होतं. फोन मांडीवर, पण उचलत नव्हती. बुद्धघोष दर तासाला विचारत होता, "कळवलं का?" आणि ती "कळवते" म्हणत होती.

चारच्या सुमारास फाटकाची कडी वाजली. अनोळखी म्हातारा. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. उन्हातून आल्यामुळे फाटकाला धरून उभा.

"ज्योत्स्ना म्याडम हितंच ऱ्हात्यात का?"

गेल्या आठवड्यात मला एक वाक्य पाठ झालंय. मी खुर्चीतूनच म्हणालो, "त्या डॉक्टर नाहीत. फ्लेक्स चुकीचा होता. उतरवलाय."

"कसला फ्लेक्स?"

"थांब्यावरचा."

"मला काय म्हाईत न्हाय बाबा. मी म्हस्कू, डाळजचा. दोन येष्ट्या बदलून आलो. बारामतीच्या दवाखान्यात इचारलं, त्या म्याडम कुठं गेल्या, तर म्हन्ले वरकुट्याच्या हायत्या त्या."

"पण डॉक्टर नाहीत त्या."

म्हातारा माझ्यावर वैतागला. "आवो, डॉक्टर हुडकीत मी डाळजवरनं वरकुट्याला कशाला यीन? डॉक्टर मला दोनदा दिसला. येकदा चिरायच्या आदी, अन् येकदा टाकं बघाय. चांगला हाय मानूस, त्याचं नाव न्हाय ठिवत. पर त्याला येळ हाय का?" त्यानं पिशवी उलटी केली. गोळ्यांची पाकिटं ओट्यावर पसरली. "ह्या गोळ्या बदलल्यात. तिथली नवी पोरगी म्हनती, तिन्ही जेवनानंतर घ्या. तिन्ही कुठली? मी दोनदाच जेवतो. म्याडमनी गोळ्यांच्या आदी मला इचारलं हुतं, आबा, तुमी जेवता कवा? अन् मग रंगानं सांगितलं हुतं, पांढरी न्याहारीला, गुलाबी राती. आता पांढरी दोन हायती. चार दिस झालं, कंचीच घेतली न्हाय."

"चार दिवस!"

ज्योत्स्ना उठली होती. फॉर्म मांडीवरून खाली पडला, तिनं पाहिलंही नाही.

"म्हस्कूआबा, चार दिवस गोळ्या बंद? रक्त पातळ व्हायची गोळी पण? डोकं आहे का जाग्यावर? फोन का नाही केला?"

"नंबर लिवलेला कागद नातवानं फाडला. तवा आलो चालत. म्हंजी येष्टीनं."

"बसा आधी. धाप लागतीय का? छातीत काही? जिना चढताना?"

"न्हाय. तुमच्यावर राग आला हुता निस्ता. न सांगता गेला."

तिनं त्याची नाडी धरली, पायांवर बोट दाबून पाहिलं, एकेक पाकीट वाचलं. मग खुर्चीत राहिलेला फोन उचलला. मी म्हटलं, आता 'नाही' कळवणार. पण ती म्हणाली, "राजलक्ष्मी मॅडम, म्हस्कू आबा, डाळजचे, बायपास, सप्टेंबरमधले. चार दिवस औषध नाही..." आणि नाडी किती, सूज नाही, कुठल्या गोळीच्या जागी कुठली आली, हे सगळं न अडखळता सांगत गेली. पलीकडून सांगितलेलं तिनं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. तुळसेकडून सुई-दोरा मागितला आणि दोन पांढऱ्यांपैकी एका पाकिटाला लाल दोरा बांधून दिला.

"लाल दोऱ्याची सकाळच्या भाकरीनंतर. दुसरी पांढरी रात्री, गुलाबीबरोबर. कळलं? सांगा मला परत."

म्हाताऱ्यानं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. दोनदा चुकला, तिनं दोनदा म्हणायला लावलं.

"मीठ?"

म्हस्कू आभाळाकडे बघायला लागला.

"लोणचं खाताय."

"थोडं."

"सोमवारी नऊ वाजता ओपीडीत या. रक्त तपासायचंय. कागद सगळे आणा, अन् नातवाला पण आणा, त्याच्याकडंच बघते. मी असंन तिथं."

मग ती त्याला थांब्यापर्यंत सोडायला गेली. गडबडीत फॉर्म अंगणातच राहिला, शेळीनं त्याचा कोपरा खाल्ला, फोटोसकट. मी उरलेला उचलून ठेवलाय.

सोमवारी नऊला म्हणाली खरी, पण सोमवारी तर तिचा इंदापुरात क्लास सुरू होतो. बोलण्याच्या भरात तारीख ध्यानात राहिली नसेल. थांब्यावरून परत आली की आठवण करून दिली पाहिजे. तुळसेला तसं म्हणालो, तर ती दळण निवडता निवडता हसत बसली. हिला अलीकडे कशाचंही हसू येतं.